आय बेग टु स्टेट

बॅलार्ड इस्टेटमध्ये, देशी बदामाखाली
बत्तीस वर्षं माझं टेबल एकाच जागी आहे.
एक पाय आखूड, त्याखाली
जुन्या स्टॅम्पपेपरची घडी.
लोक मराठीत रडतात, गुजरातीत चिडतात,
भोजपुरीत शपथा घेतात,
मी त्याचं इंग्रजी करतो.

बोलायचं इंग्रजी मला येत नाही.
मुलीचा बॉस घरी आला होता तेव्हा
‘येस, येस’च्या पुढे गेलो नाही,
चहा पुन्हा पुन्हा पुढे करत राहिलो.
मला येतं ते कागदाचं.
विथ रेफरन्स टु द अबव्ह. द सेड प्रिमायसेस.
‘हिअरइनआफ्टर’ मी डोळे मिटून मारतो.
कुणाच्या तोंडून तो शब्द
आजवर ऐकलेला नाही.

मंगळवारी धर्मीबाय वैती आली, ट्रॉम्बेहून.
प्लास्टिकच्या पिशवीतून नोटीस काढली.
नोटिशीला बोंबलाचा वास.
“काय म्हंतं हा कागद?”
इट हॅज बीन डिसायडेड, मी म्हणालो,
म्हणजे ठरवण्यात आलेलं आहे
की तुमचे बांबू, तुमच्या दोऱ्या, वाळत घातलेली मासळी
हे अनऑथोराइज्ड स्ट्रक्चर आहे.
“कोनी ठरवला?”
मी कागद उलटून पाहिला.
मागं काही नव्हतं.

शाळेत मास्तरांनी कर्मणी प्रयोग शिकवला होता.
रामाने आंबा खाल्ला.
त्यात क्रियापद आंब्याच्या मागं जातं,
पण राम काही पळून जात नाही.
‘ने’ लावून का होईना, उभा असतो तिथंच,
कोपरापर्यंत रस ओघळलेला.
या कागदात आंबा खाल्ला गेलेला आहे.
कोय आहे, साल आहे, जावक क्रमांक आहे.
राम नाही.
सही आहे, पण तिच्याआधी ‘फॉर’.
कुणासाठी तरी कुणीतरी.

मी कार्बन घातला, टाइप करू लागलो.
टाइप करताना पुटपुटायची खोड आहे मला.
सर, आय बेग टु स्टेट दॅट
“थांब. बेग?
बेगर मंजे भिकारी ना?
माजा नातू इंग्लिश शालेत हाय.”
पद्धत आहे, मी म्हणालो. साहेबाच्या काळापासून.
वकील लिहितात, मोठमोठ्या कंपन्या लिहितात.
“त्यांला लिवू दे.
मी बोंबील इकतंय.”

बदामाचं एक पान टेबलावर पडलं, मी ते उगाच झटकलं.
आधी वीस रुपये, मग पन्नास, आता शंभर घेऊन
किती जणांना मी भीक मागायला लावली,
त्यांना कळूही न देता!
पहिला अर्ज घरचाच होता.
वडील गोदीत वारले, त्यांच्या ग्रॅच्युइटीचा.
खाली आईचा अंगठा,
आणि शेजारी मी पेन्सिलीनं लिहिलेलं
‘हर मार्क’.

नवा कागद लावला. सर.
पुढं बोटांना काही सुचेना.
धर्मीबायच म्हणाली, “लिव.
ही जागा आमी वापरतो. सासूच्या सासूपासून.
ज्यानं ठरवला त्याचा नाव कलवा.”
वी यूज धिस प्लेस.
एवढंसं इंग्रजी. चार ओळींत संपलं.
बाकी पान पांढरं,
इतकं पांढरं पान मी कधी कुणाला दिलं नव्हतं.
पैसे मागायलाही जीभ रेटेना.
तिनं मोजून शंभर ठेवले.

शेवटी ‘युवर्स फेथफुली’ मात्र घातलं.
तेवढं लागतंच, नाहीतर खिडकीवरचा कारकून
आवकचा शिक्का उचलत नाही.
फेथफुली म्हणजे काय, ते तिनं विचारलं नाही.
मीही या वेळी
ओठ मिटून मारलं.